कर नाही त्याला डर कशाला

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तुझा फोन मी मध्येच कापला, त्याचा राग आला असेल तर येऊ दे. तू म्हणालास, "काका, त्या दिवशी नेमकं काय झालं ते सांगतो," आणि मी "गप्प बस" म्हणून फोन ठेवून दिला. मी वकील नाही. तू मला जे सांगशील ते उद्या कोर्टात मला बोलावून विचारता येतं, आणि शपथेवर खोटं बोलायचं माझं वय राहिलेलं नाही. वकिलाला सगळं, बाकी कुणाला काही नाही. हे वाक्य या पत्रात तुला पुन्हा वाचावं लागेल. वाच.

ऑनलाइन फसवणुकीत गंडवलेल्या लोकांकडून नोटांचे खोके नेल्याचा तुझ्यावर आरोप आहे, आणि तुझा प्रश्न होता, सुटायचे चान्स किती? तुझ्या रूममेटनं म्हणे सांगितलं की फेडरल, म्हणजे इथल्या केंद्र सरकारच्या, केसमध्ये शंभरातले नव्व्याण्णव आत जातात. रूममेटला म्हणावं, अभ्यास कर. २०२२ च्या आर्थिक वर्षात फेडरल कोर्टांत ७१,९५४ आरोपींची प्रकरणं निकालात निघाली. त्यातल्या जवळपास ९० टक्के लोकांनी स्वतःच गुन्हा कबूल केला. ८ टक्क्यांच्या आसपास लोकांवरचे आरोप काढून टाकले गेले. खटला उभा राहिला तो १,६६९ जणांवर, आणि त्यातले निर्दोष सुटले २९०. हे सगळ्या गुन्ह्यांचं मिळून आहे, नुसत्या ऑनलाइन फसवणुकीचं नाही. आता यात तुझा चान्स कुठे दिसतो सांग. दिसत नाही, कारण तो तिथे नाहीच. नव्वद टक्के हा ज्युरीचा निकाल नाही, त्या प्रत्येकाच्या मागे सरकारी वकिलांशी टेबलाशी बसून झालेलं काहीतरी बोलणं आहे.

आकडा असा का, ते मात्र समजून घे. फेडरल तपास अधिकारी दारात येतात तेव्हा त्यांचं काम बहुतेक झालेलं असतं. तुझ्या केसमधलं त्यांचं शपथपत्र मी वाचलं, ते सार्वजनिक आहे, म्हणून तेवढ्यापुरतंच बोलतो. दारावरच्या बेलमधल्या कॅमेऱ्याचा फोटो आहे. भाड्याच्या गाडीचा नंबर आहे. आणि तुला पत्ते पाठवणाऱ्या त्या 'दादा'चे मेसेज आहेत. ते त्यांच्या हाती कसे आले असतील? बहुधा वरचा कुणीतरी आधीच बोलायला लागलाय. फसवणुकीसाठी राज्याच्या हद्दीपलीकडे गेलेला एक फोन किंवा एक मेसेज पुरतो, की झाला वायर फ्रॉड. कमाल शिक्षा वीस वर्षं. कटात नुसता सामील असलास तरी कमाल तीच. ह्यूस्टनच्या कोर्टात २०१८ मध्ये फोनवरून लोकांना फसवणाऱ्या अहमदाबादच्या कॉल सेंटरांच्या प्रकरणात शिक्षा झाल्या, त्यात सगळ्यात मोठी वीस वर्षांचीच होती. इथे राहून पैसे फिरवणारी पोरंही त्यात होती. त्यांना 'रनर' म्हणतात. त्यांच्या घरीही "मुलगा अमेरिकेत आहे" असंच सांगत असतील.

घाबरवायला सांगत नाही. कमाल म्हणजे तुला होणारी शिक्षा नव्हे. पण एकदा झाली की ती बरीचशी भोगावी लागते, कारण नोव्हेंबर १९८७ पासूनच्या गुन्ह्यांना फेडरलमध्ये पॅरोल, म्हणजे मुदतीआधी अटींवर सुटका, नाही. चांगल्या वागणुकीचे वर्षाला फार तर ५४ दिवस सुटतात.

म्हणून "सुटेन का" हे विचारणं सोड. "माझ्या नावावर किती डॉलर लागतायत" हे विचार, आणि तेही वकिलाला. शिक्षेचं कोष्टक रकमेवर चढतं. ४०,००० डॉलरच्या वर गेलं की ६ पायऱ्या, ५,५०,००० च्या वर गेलं की १४. शपथपत्रात तुझ्या हातून गेलेले दोन खोके आहेत, मिळून ४७,००० चे. पण सरकार म्हणू शकतं की सगळ्या टोळीचं नुकसान तुला दिसत होतं, तेही धरा. खरी लढाई या ठिकाणी आहे आणि ती ज्युरीपुढे होतच नाही. गुन्हा वेळेत कबूल केला तर २ किंवा ३ पायऱ्या खाली येतात. तू व्हिसावर आहेस, त्यामुळे आणखी एक आकडा पाठ कर, १०,०००. फसवणुकीत नुकसान त्याच्यावर गेलं की इमिग्रेशनच्या कायद्यात तो गुन्हा फार गंभीर वर्गात जातो आणि परतीचं विमान जवळपास ठरतं. कबुलीचा देशात राहण्यावर काय परिणाम होईल हे वकिलानं सांगायलाच हवं, असं सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये म्हटलंय. सही करायच्या आधी विचार. नाही विचारलंस तर मी तुला आयुष्यभर ऐकवीन.

"मला माहीतच नव्हतं खोक्यात काय आहे," हे तू फोन उचलल्या उचलल्या म्हणालास. ते खरं असेल. माहीत असणं, हेतू असणं, हे सरकारलाच सिद्ध करावं लागतं. पण मुद्दाम डोळे मिटून घेतले तर तेही माहीत असण्यातच धरता येतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई घराच्या पायरीवर येऊन अनोळखी पोराच्या हातात टेप गुंडाळलेला खोका देतात, आत मासिकाच्या पानांमध्ये नोटा लावलेल्या, आणि त्या फेरीचे तीनशे डॉलर मिळतात. हे ज्युरीतल्या बारा जणांना काय वाटेल? मला उत्तर नकोय. मला नकोच आहे. वकिलाला सगळं, बाकी कुणाला काही नाही.

आता हे एकच वाक्य धरून का बसलोय ते सांगतो.

२०१७ मध्ये आपल्या मंडळातल्याच एका मुलाचा असाच फोन आला होता. गणपतीचे दिवस होते, मी खिरापतीचं खोबरं किसत होतो. "काका, दोन ऑफिसर आलेत, फार सभ्य आहेत, काही प्रश्न विचारायचेत म्हणतात." मी एका हातात खोबऱ्याची वाटी तशीच धरून म्हणालो, "अरे, कर नाही त्याला डर कशाला? बोलून मोकळा हो." तो बोलला. दोन तास. "एकदाच गेलो होतो," असं म्हणाला, फोनच्या नोंदीत चार वेळा निघालं. घाबरून म्हणाला असेल, विसरला असेल. फेडरल अधिकाऱ्याशी खोटं बोलणं हा वेगळा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंतचा. मूळ आरोप डळमळीत होता असं त्याचा वकील पुढे म्हणाला, पण ते दोन तास कुणाला पुसता आले नाहीत. एक्केचाळीस महिन्यांची शिक्षा झाली. मग थेट मुंबईचं विमान.

मला काय माहीत होतं? मी इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर तपासणारा माणूस. आमच्या घरात खरं बोलणं म्हणजे लगेच, मोठ्यांदा, सगळ्यांसमोर बोलणं. वडिलांनी तेच शिकवलं आणि मी तेच पुढे दिलं. त्या पोराचं वाईट व्हावं असा माझा हेतू नव्हता. हेतू नव्हता, हे वाक्य मी गेली काही वर्षं स्वतःला ऐकवतोय, आणि तू परवा तेच म्हणालास तेव्हा मला फोनवर थांबवेना. त्याच्या आईनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. दर दिवाळीला कुणाबरोबर तरी अनारशांचा डबा पाठवते. डबा मी उघडतो, पुन्हा झाकण लावतो आणि शेजाऱ्यांना देऊन टाकतो.

तेव्हा तुला खोटं बोल असं मी म्हणत नाहीये, हे नीट समज. खरं सांगायचं, पण जिथे ते तुझ्याविरुद्ध वापरलं जाणार नाही अशा खोलीत आधी. मग वकील ठरवेल की सरकारपुढे बसायचं का, केव्हा, कोणत्या लेखी अटींवर.

तुझ्या बाबांचा सांगलीहून फोन होता. "पोराला सरकारी वकील दिलाय" हे ऐकून त्यांचा धीर सुटला. साहजिक आहे, आपल्याकडे सरकारी वकील म्हणजे समोरचा. मी समजावलं की हे फेडरल डिफेंडर आहेत, पगार सरकारचा, बाजू तुझी, आणि रोज याच कोर्टात उभे असतात. मळा विकून व्हिसाचे फॉर्म भरणारा वकील आणण्यापेक्षा या डिफेंडर बाई शंभर पटीनं बऱ्या. बाबांनाही फोनवर काही सांगू नकोस. जेवलास का, झोपलास का, एवढंच. त्यांचा हक्क आहे, मान्य. तरी नाही.

फोनमधलं काही पुसू नकोस, एक मेसेजसुद्धा नाही. पुसणं हा आणखी एक गुन्हा, आणि तोही वीस वर्षांपर्यंतचा. त्या 'दादा'ला उत्तर देऊ नकोस. आणि खोका देणाऱ्या त्या म्हाताऱ्या बाईंना माफीचं पत्र लिहायचं म्हणत होतास, ते लिहू नकोस. तुला त्यांची लाज वाटते हे ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण जामिनाच्या अटी वाच, त्यांच्याशी संपर्क करायचा नाही असं लिहिलंय. वाईट वाटतंय तर तेही वकिलाला सांग. योग्य वेळी जजसमोर उभं राहून म्हणता येतं.

गुरुवारी दहाला तुझी भेट आहे. मी नऊला न्यायला येतो. पायातल्या पाळतीच्या पट्ट्याचा चार्जर बरोबर घे, मागच्या वेळी वाटेत तो वाजायला लागला होता. काकूनं थालीपीठं करून द्यायची ठरवलंय, ती गाडीत खाऊ. वर मात्र तू एकटा जायचंस. मी खोलीत बसलो तर तिथलं बोलणं तुमच्या दोघांपुरतं राहत नाही. मी खाली पार्किंगमध्ये थांबेन, दोन तास लागोत नाहीतर चार. परत येताना काय बोलणं झालं ते विचारणार नाही.

तुझा,
काका