तापीत पोहायला आणि रात्री केळीला पाणी भरायला डाइव्ह वॉच घ्यायचंय. डायल काळी घ्यावी की निळी?

काळीच घ्या, पण मॅट. काळ्यावर पांढरे जाड काटे सगळ्यात ठळक उठतात. गडद निळी दुसऱ्या नंबरवर. जळगावात घड्याळ दुरुस्तीच्या काउंटरवर बसतो, तिथे चकाकत्या सनबर्स्ट (मधून कडेकडे किरणांसारखी चमक पसरणाऱ्या) डायलचं रडगाणं नेहमीचंच: शोरूमच्या दिव्याखाली देखणी, मे महिन्याच्या उन्हात नुसता आरसा. रात्रीचं गणित मात्र वेगळं, तिथे डायलच्या रंगाला फारशी किंमत नाही. आयएसओ ६४२५ या डाइव्ह वॉचच्या मानकात अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे अशी अट आहे, आणि ते काम ल्युमचं, म्हणजे अंधारात चमकणाऱ्या रंगाचं. म्हणून काटे-खुणांवर ल्युम जाड आहे ना, मिनिटकाटा तासकाट्याहून पटकन वेगळा ओळखू येतो ना, हे दुकानातच ओंजळीत अंधार करून बघा. मोटर चालू करायला निघताना घड्याळावर मिनिटभर टॉर्च मारली की ल्युम चांगला चमकतो.