मुलीसाठी १० मीटर एअर पिस्तूल घ्यायचंय. मोरिनी, स्टायर, वॉल्थर की पार्डिनी?

तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या ओळीमुळे लिहायला बसलो. मुलगी चौदा वर्षांची, दीड वर्ष क्लबच्या पिस्तुलावर सराव, बजेट दोन-सव्वादोन लाख, चारही पिस्तुलं दुकानात हातात घेऊन पाहिली आणि मोरिनी "एकदम बसलं". इथपर्यंत ठीक. पण पुढे तुम्ही लिहिता की रेंजवरच्या एका ज्येष्ठांनी बजावलं, मोरिनीसारखा इलेक्ट्रॉनिक, म्हणजे बॅटरीवर चालणारा, ट्रिगर अजिबात घेऊ नका, टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं काय झालं ते पाहिलंत ना. हे वाक्य २०२१ पासून कानावर पडतंय आणि त्यापायी हाताला जुळलेलं पिस्तूल सोडून दुसरंच घेणारी पोरं दिसतायत. त्याच्याकडे येतोच. आधी "बसण्या"चं बघू.

दुकानात पाच मिनिटांत तुमच्या मुलीच्या हाताला जे आवडलं ती मोरिनीची ग्रिप, म्हणजे लाकडी मूठ, होती. बाकीच्या तीन पिस्तुलांवर मिडियम ग्रिप होती आणि मोरिनीवर स्मॉल, असं निघालं तर मला मुळीच नवल वाटणार नाही. दुकानदाराकडे जो माल असतो तोच तो हातात देतो. ग्रिप बदलता येते. मोरिनीच्या आणि रिंक या ग्रिप बनवणाऱ्या कंपनीच्या ग्रिप दुसऱ्या मेकच्या पिस्तुलांनाही मिळतात. त्यामुळे मेकची तुलना करायची असेल तर चारही पिस्तुलांवर एकाच साइझची ग्रिप मागा. ते जमत नसेल तर दुकानातलं "बसणं" हिशेबात धरूच नका.

नळीवरून तर तुलना करूच नका. या चारही कंपन्यांची मॅच पिस्तुलं वाइसमध्ये आवळून मारली तर १० मीटरवर पाच पेलेट (छर्रे) दहाच्या रिंगमध्ये जातात. दहाची रिंग ११.५ मिमीची आहे. फाइनवर्कबाउ या कंपनीचं पिस्तूलही याच पंगतीतलं, ते यादीत का नाही कळलं नाही. चौदा वर्षांच्या मुलीची दहाऐवजी नऊ नळीमुळे लागत नाही, मनगटामुळे लागते. साधं गणित आहे. नेम धरायच्या दोन साइट असतात, पुढचा दांडा (फ्रंट) आणि मागची खाच (रिअर); त्यांच्यातलं अंतर साधारण ३५ सेंमी. फ्रंट साइट रिअर साइटच्या खाचेत १ मिमी सरकली तर टार्गेटवर पेलेट जवळजवळ २८ मिमी सरकतो. एक रिंग ८ मिमीची, म्हणजे तीनहून जास्त रिंगा गेल्या. उलट साइट जुळलेल्या ठेवून अख्खा हात १ मिमी हलला तर पेलेटही १ मिमीच हलतो. सगळा पैसा आणि सगळं लक्ष मनगट न मोडण्यावर घालायचं ते याचसाठी. आणि मनगट धरून ठेवते ती ग्रिप.

ग्रिपबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण लोक नेमकं हेच टाळतात. कामासाठी आलेल्या एका पिस्तुलाचं उदाहरण देतो. नववीतली मुलगी, पिस्तूल उत्तम, जवळजवळ नवं, ग्रिप मिडियम, हात स्मॉलचा. शॉट सतत डावीकडे खाली, सात-आठ वाजण्याच्या जागी. वडिलांना कुणीतरी सांगितलेलं की या पिस्तुलाचा ट्रिगर खराब आहे, विकून दुसरं घ्या. घेताना दिलेल्या किमतीत पन्नास-साठ हजार कमी करून गिऱ्हाईकही ठरलं होतं. ट्रिगर सुटायला लागणारं वजन मोजलं तर ५१५ ग्रॅम, स्वच्छ सुटणारा. मग तिच्या तळहाताला टाल्कम पावडर लावून पिस्तूल दहा वेळा धरायला लावलं. अक्रोडाच्या काळपट लाकडावर पावडर कुठे उठली आणि कुठे नाही ते लगेच दिसलं. अंगठ्याच्या मुळाशी आणि तळहाताच्या मधल्या खळग्यात लाकूड कोरडंच. ग्रिपला हात दोनच जागी टेकत होता. बोट ट्रिगरपर्यंत पोचावं म्हणून ती नकळत सगळा हात फिरवून धरत होती, तरी ट्रिगरवर बोटाचं टोकच येत होतं. टोकाने दाबलं की उजव्या हाताच्या नेमबाजाचं पिस्तूल डावीकडे ढकललं जातं. पिस्तुलाचा यात काही दोष नव्हता.

काम केलं ते असं. ट्रिगरचं पातं त्याच्या पट्टीवर मागे सरकवलं, इतकं की पहिल्या पेराची गादी पात्यावर काटकोनात येईल आणि बोटाची बाजू लाकडाला कुठेच घासणार नाही. बोट आणि लाकूड यांच्यात दोन-तीन मिमी फट पाहिजेच. अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी वर नीट रुतावी म्हणून तिथलं लाकूड कानसीने उतरवलं, मग ८० आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर. खळग्यात एम-सील भरलं, वर पातळ प्लॅस्टिक टाकलं, तिला पिस्तूल नेहमीसारखं धरायला लावून पाच मिनिटं तसंच उभं केलं. एम-सील रात्रभर सुकू द्यायचं. एकदम भरपूर भरायचं नाही, थरावर थर द्यायचे, कारण जास्त झालेलं घासून काढताना मूळ लाकूडही जातं. खालची तळहाताची फळी शेवटी वर घेतली, पण आवळली नाही. हात घालताना-काढताना फळी आड येत असेल तर ती जास्त वर आहे. तिने हात चिमटला की चाळिसाव्या शॉटनंतर थरथर सुरू होते.

मग परीक्षा. डोळे मिटून हात वर आणायचा, स्थिर करायचा, डोळे उघडायचे. फ्रंट साइट खाचेच्या मधोमध दिसली पाहिजे. दहातल्या आठ वेळा ती एकाच बाजूला दिसली तर ग्रिप अजून चुकीची आहे, साइटचे स्क्रू फिरवून ते बरं होत नाही. या मुलीचं काम तीन बैठकांत झालं. शॉट डावीकडून आत आले. गुण एका दिवसात उडी मारून वाढले नाहीत, पण पिस्तूल विकायचं रद्द झालं.

एम-सील लावताना स्पर्धेचे दोन नियम डोक्यात ठेवा. पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या डब्यात बसलं पाहिजे आणि त्या ५० मिमीत ग्रिपची जाडी अडकते. अंगठ्याच्या बाजूला भरमसाट भरलेल्या ग्रिप इक्विपमेंट कंट्रोलमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या साधनतपासणीत, परत पाठवतात. दुसरं, फळीचा ग्रिपशी कोन ९० अंशांपेक्षा कमी होता कामा नये आणि ग्रिपचा कुठलाही भाग मनगटाला आधार देता कामा नये, मनगट मोकळं दिसलं पाहिजे.

आता वजन. बहुतेक मॅच पिस्तुलं ९५० ग्रॅम ते एक किलोच्या आसपास आहेत, मर्यादा १५०० ग्रॅमची. दुकानात एक किलो काहीच वाटत नाही. मॅच साठ शॉटची, ७५ मिनिटांची, आणि प्रत्येक शॉटला हात एकदा तरी वर जातो, कधी दोन-तीनदाही. पुढे जड असलेलं पिस्तूल पहिल्या वीस शॉटना फार स्थिर वाटतं, दुकानात "दमदार" वाटतं ते हेच. खांदा तयार नसेल तर पन्नासाव्या शॉटला तेच नाक खाली घालतं. मुलगी बारीक अंगाची असेल तर शॉर्ट किंवा कॉम्पॅक्ट मॉडेल बघा, नळीखालच्या हवेच्या छोट्या सिलिंडरमुळे पुढचा भार कमी होतो. वजन मागाहून लावता येतं, मूळचं काढता मात्र येत नाही. पैसे देण्याआधी रेंजवरच्या कुणाचं तरी तेच मॉडेल मागून साठ शॉट मारू द्या. मराठी माणसाला मागायला संकोच वाटतो, पण नेमबाजीत पिस्तूल मागून बघणं ही रीतच आहे.

झटक्याचा फरक मात्र खरा आहे. स्टायर एलपी १०, वॉल्थर एलपी ५०० आणि पार्डिनी के १२ मध्ये अॅब्सॉर्बर आहे. आत एक छोटं वजन उलट दिशेला सरकतं आणि शॉट सुटताना नाक जवळजवळ हलत नाही. मोरिनी सीएम १६२ मध्ये तो नाही, त्यामुळे शॉट सुटल्याची टिचकी हाताला कळते. काहींना ती आवडते, फॉलो थ्रू, म्हणजे शॉटनंतरही नेम धरून ठेवणं, चुकला की लगेच समजतं म्हणून. माझ्या मते शिकणाऱ्याला ती टिचकी उपयोगाचीच आहे.

आता ट्रिगर. टोकियोत २५ जुलै २०२१ ला पात्रता फेरी चालू असतानाच मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं. स्वतःच्या पिस्तुलाच्या बिघाडाला जादा वेळ मिळत नाही. उरलेल्या वेळात घाईने मारून ती ५७५ वर, बाराव्या क्रमांकावर राहिली. त्या वेळच्या बातम्यांत तिच्या प्रशिक्षकांनी जे सांगितलं ते तुमच्या ज्येष्ठांना वाचून दाखवा: आधी कॉकिंगची (प्रत्येक शॉटआधी पिस्तूल तयार करायची) लिव्हर तुटली आणि ती बदलताना सर्किट जागचं हललं. लिव्हर हा यांत्रिक भाग आहे. तो कुठल्याही पिस्तुलात तुटू शकतो. यावरून "इलेक्ट्रॉनिक घेऊ नका" हा निष्कर्ष निघतच नाही. निघतो तो एवढाच, की मोठ्या स्पर्धेला जुळवून ठेवलेलं दुसरं पिस्तूल हाताशी हवं आणि लिव्हरसारखे भाग वेळेत बदलून टाकावेत. पॅरिसला २०२४ मध्ये याच मुलीने १० मीटरमध्ये वैयक्तिक आणि सरबजोत सिंगबरोबर मिश्र सांघिक अशी दोन कांस्यपदकं आणली.

इलेक्ट्रॉनिकमध्ये काय बिघडतं तेही सांगतो. बॅटरी उतरते, आणि ती सावकाश न उतरता ऐन वेळी दगा देते. म्हणून स्पर्धेआधी नवी घालायची, जुनी सरावाला. आपल्याकडच्या दमट हवेत, कोकण-मुंबईकडे तर हमखास, कॉन्टॅक्टवर हिरवट थर चढतो. ओल्या हाताने पिस्तूल पेटीत ठेवू नये, पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवावी. मेकॅनिकलमध्ये सिअरच्या (ट्रिगर अडवून धरणाऱ्या खिट्टीच्या) टोकावर घाण बसते, स्क्रू हळूहळू फिरतात आणि लोक दुसरी स्टेज (ट्रिगरचा सुटण्याआधीचा शेवटचा टप्पा) इतकी बारीक लावतात की कॉक करतानाच सुटते. दोन्हीत ट्रिगरचं किमान वजन ५०० ग्रॅमच. नेमकं ५०० वर लावू नका, ५१० ते ५२० ठेवा, नाहीतर ट्रिगरला टांगून वजन उचलण्याच्या चाचणीत नापास होण्याची धास्ती घेऊन मुलगी लाइनवर जाईल. इलेक्ट्रॉनिकचा मोठा फायदा ड्राय प्रॅक्टिसमध्ये, म्हणजे पेलेट न घालता नुसता ट्रिगर सोडण्याच्या सरावात, दिसतो: हजाराव्या वेळीही ट्रिगर तसाच सुटतो. घरी भिंतीसमोर रोज अर्धा तास ड्राय करणाऱ्या मुलीसाठी मी इलेक्ट्रॉनिकच सांगेन. तुमच्या गावापासून दुरुस्ती जाणणारा माणूस तीनशे किलोमीटरवर असेल तर मेकॅनिकल. माझ्या लेखी खरा फरक एवढाच.

किमतीचं थोडक्यात. नवी आयात पिस्तुलं दीड ते अडीच लाखांच्या पट्ट्यात असतात आणि युरोबरोबर हलतात. तुमचे सव्वादोन लाख सगळे पिस्तुलात घालू नका. एक जादा सिलिंडर, भरायचा अॅडॅप्टर, ग्रिपचं काम आणि पेलेट यांना बाजूला काढा. रोज शंभर शॉट, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे २५०० पेलेट, पाचशेचे पाच डबे. महागड्या पिस्तुलाने बजेट संपवून मुलीला रोज तीस शॉटवर आणणारे पालक आहेत, ते मला पाहवत नाही.

जुनं पिस्तूल मिळत असेल तर आनंदाने घ्या, पण सर्वात आधी सिलिंडर काढून त्यावर कोरलेली तारीख वाचा. सिलिंडरची मुदत दहा वर्षांची असते आणि मुदत संपलेला घेऊन स्पर्धेला जाता येत नाही. नऊ वर्षांचा सिलिंडर म्हणजे नव्याची किंमत त्या सौद्यातून वजा. मग २०० बारच्या दाबाला भरून घ्या, सावकाश, कारण भराभर भरला की गरम होतो आणि थंड झाल्यावर काटा खाली येतो, तो गळतीसारखा दिसतो. थंड झाल्यावरचा आकडा लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. उतरला असेल तर ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) गेलीय. ती स्वस्त असते, तेवढ्यासाठी सौदा मोडू नका, भाव मात्र पाडा. ग्रिप आधीच्या मालकाने आपल्या हाताला कापलेली असेल तर नव्या ग्रिपचे पैसेही धरा.

राहिलेलं एक. मुलगी डावखुरी असेल तर वरचं उजव्या-डाव्या दिशेचं सगळं उलटं वाचा, आणि डाव्या ग्रिप इथे तयार क्वचितच मिळतात म्हणून ऑर्डरचा वेळ धरा. ४.५ मिमी आणि २० जूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. दुकानात परत जाल तेव्हा मोरिनीच्या ग्रिपचा साइझ बघा, आणि त्याच साइझची ग्रिप घातलेलं स्टायर मागून मुलीच्या हातात द्या, डोळे मिटून.