बागेतल्या रुळांवर खऱ्या वाफेचं छोटं इंजिन चालवायला मित्र कशाला लागतात? एकट्याने जमत नाही का? आणि नवख्याने काय सांभाळावं?

एकट्याने जमतं. सुरुवातीला बरेच महिने मी एकटाच चालवायचो. पण इंजिन मला खरं कळायला लागलं ते चार जण सोबतीला आल्यावर.

विजेच्या गाडीत शक्ती रुळांतून येते, बटण फिरवाल तशी गाडी पळते. इथे रूळ म्हणजे फक्त वाट. बॉयलरमध्ये जेमतेम पेलाभर पाणी, त्यातून जाणाऱ्या नळीत ब्यूटेनची ज्योत, आणि 5-10 मिनिटांत दाबाचा काटा चढायला लागतो. बहुतेक छोटी इंजिनं दर चौरस इंचाला 40 ते 60 पौंड दाबावर चालतात. एकदा गॅस भरला की 20 मिनिटं, फार तर अर्धा तास. तेवढ्या वेळात इंजिनाचं वागणं सारखं बदलत राहतं. पहिल्या फेरीत ते आखडलेलं असतं, कारण थंड सिलिंडरमध्ये शिरलेल्या वाफेचं पाणी होतं आणि पाणी काही दाबलं जात नाही. मग रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरकडे जाणारी वाफ कमी-जास्त करणारी झडप, किंचित उघडून इंजिन हातानेच हळूहळू पुढे-मागे सरकवायचं. धुराड्यातून गरम पाण्याचे आणि तेलाचे शिंतोडे उडतात, ते थांबले की चाकं मोकळी होतात. त्या वेळी धुराड्यावर वाकून बघायचा मोह होतोच, तो आवरा.

आता मित्रांची गोष्ट. माझ्याकडून एकदा बोलण्याच्या नादात तेल भरायचं राहिलं. या इंजिनांत तेल पोचवायची युक्ती फार सुंदर आहे: एका छोट्या डबीत थोडी वाफ शिरते, तिचं पाणी होऊन तळाशी बसतं, आणि वर ढकललं गेलेलं तेल थेंबाथेंबाने वाफेसोबत सिलिंडरकडे जातं. डबीच रिकामी असेल तर दट्ट्या कोरडा घासतो. मला काहीच जाणवलं नव्हतं. पलीकडच्या वळणाशी उभ्या असलेल्या मित्राने नुसत्या आवाजावरून ओळखलं आणि ओरडून थांबवायला सांगितलं. त्याचा कान आणि माझं इंजिन, अशी आमची जोडी तेव्हापासून आहे. स्वतःच्या इंजिनाच्या आवाजाची आपल्याला सवय होऊन जाते. दुसऱ्याला मात्र त्यातला फरक लगेच कळतो.

एका रुळावर दोन गाड्या सोडल्या की वेगळीच परीक्षा असते. वाफेचं इंजिन नेमून दिलेला वेग धरून ठेवत नाही. चढावर धापा टाकतं, उतारावर सुसाट सुटतं (म्हणूनच रूळ होता होईल तेवढा सपाट ठेवायचा, 100 फुटांत 1 फुटापेक्षा जास्त चढ नको). डबे न जोडलेलं मोकळं इंजिन तर हमखास पुढच्या गाडीला गाठतं. आम्ही काढलेला तोडगा असा, की ज्याचं इंजिन चपळ त्याला बाकीच्यांनी आपले डबे द्यायचे. ओझं वाढलं की इंजिन शांत होतं आणि वाफही एका लयीत सोडतं. डब्यांची ही देवाणघेवाण मला या छंदातली सगळ्यात आवडती गोष्ट वाटते. एक जण सांधे बदलायला उभा राहतो, एकाचं इंजिन बाजूच्या रुळावर तापत असतं, एकाचं निवत असतं.

सगळ्यांची मापं जुळतातच असं नाही. खऱ्या गाडीच्या एका फुटाला 16 मिलिमीटर या प्रमाणात दोन फुटी अरुंद रेल्वेची इंजिनं 32 मिलिमीटर अंतरावरच्या दोन रुळांवर धावतात. मोठ्या रेल्वेच्या 1:32 प्रतिकृतींना 45 मिलिमीटर लागतात. तिसरा रूळ टाकला की दोन्ही एकाच वाटेवरून जातात.

गॅसच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. आधी तेल, मग पाणी, गॅस सगळ्यात शेवटी. चार जण जवळजवळ उभे असतात, कुणाची ना कुणाची ज्योत पेटलेली असते, आणि ब्यूटेन हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरतं. म्हणून बाजूला जाऊन, ‘गॅस भरतोय’ असं मोठ्याने सांगूनच भरायचा. दुसरं, पाणी न भरता नुसता गॅस पुन्हा भरू नका. पाणी संपण्याआधी गॅस संपला पाहिजे, नाहीतर कोरडा बॉयलर तापून जोड सुटतात. आणि काटा शून्यावर आल्याशिवाय पाण्याचं झाकण उघडायचं नाही. पाणी डिस्टिल्डच वापरा, नळाच्या पाण्याने आत क्षार साचतात.

थंड, दमट सकाळी वाफेचे पांढरे लोट दिसतात आणि मन हरखून जातं, उन्हात तीच वाफ जवळजवळ दिसत नाही. पण त्याच थंडीत ब्यूटेन रुसतं. ते उकळतं शून्य अंशाच्या जरासं खाली, शिवाय त्याचा वायू होताना टाकी आणखी गार पडते आणि ज्योत मंदावते. टाकीभोवती कोमट पाणी ठेवलं की पुन्हा जोर येतो.

इंजिन घ्यायची घाई करू नका. आधी चालवणाऱ्यांच्या सोबत दोन-चार वेळा उभे राहा, रेग्युलेटर हातात मागा, देतात. मग गॅसवरचं, साधं, दाबाचा काटा आणि पाण्याची पातळी दाखवणारी काच असलेलं इंजिन बघा. जुनं घेत असाल तर बॉयलरच्या दाबचाचणीचा कागद विचारा. कोळशावरचं फार देखणं, पण त्याला दर थोड्या वेळाने कोळसा घालावा लागतो आणि सुरुवातीला धुराड्यावर पंखा लावून हवा ओढावी लागते. ते पुढच्या वर्षी.

जाल त्या दिवशी थोडं लवकर पोचा. गाड्या सुटण्याआधी कुणीतरी एक रिकामा डबा हाताने सगळ्या रुळावरून ढकलत नेतं, एखादा खडा नाहीतर डहाळी अडते का ते बघायला. ते काम मागून घ्या. रुळाचं प्रत्येक वळण हाताला कळतं.