दीड वर्षाची मुलगी ब्रश बघताच तोंड मिटून घेते. दात कसे घासायचे?

ब्रश दिसला की लेक ओठ घट्ट दाबते, मान फिरवते आणि शेवटी रडारड होते, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मुलाचंही त्या वयात हेच चालायचं. मी समोर बसून एका हाताने त्याची हनुवटी धरायचे आणि दुसऱ्या हाताने ब्रश तोंडात घालायचे. मला तो हट्ट वाटायचा. एकदा ब्रशवर रक्ताचा बारीक ठिपका दिसला आणि माझ्या पोटात गोळाच आला.

दातांच्या डॉक्टरांनी त्याचा वरचा ओठ उचलून दाखवला. ओठ आणि हिरडी यांना जोडणारी एक पातळ पडदी मधोमध असते, लहान मुलांत ती पुष्कळदा दातांच्या अगदी जवळ येते. माझा ब्रश रोज तिच्यावरच आपटत होता. लेकराला दुखत होतं, म्हणून ते तोंड मिटत होतं!

तेव्हापासून मी डाव्या हाताची तर्जनी वरच्या ओठाखाली आडवी ठेवते. पडदी बोटाखाली झाकली जाते आणि ब्रश बोटाच्या खालीच फिरतो. शिवाय समोरून घासणं सोडलं. मांडी घालून बसते, त्याचं डोकं मांडीवर घेते, म्हणजे वरून सगळे दात नीट दिसतात. पहिले चार-पाच दिवस तो रडला. मग मी दात मोजत घासायला लागले आणि शेवटचा दात झाला की ब्रश त्याच्या हातात देऊ लागले. कधी संपतंय हे त्याला कळायला लागलं, तशी कुरकुर कमी झाली.

फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच घ्या, तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. एखादी वेळ चुकलीच तर सकाळची चुकू दे, रात्रीची नको. झोपेत लाळ कमी सुटते आणि दुधाचा गोडवा दातांवर तसाच राहतो. "दुधाचे दात, पडणारच आहेत," असं घरातलं कुणी म्हणालं तर त्यांना सांगा की दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात.

आणि एक, दीड वर्षाच्या सुमाराला पहिल्या दाढा येत असतात. स्वच्छ धुतलेलं बोट मागच्या हिरडीवरून फिरवून बघा. तिथे सूज लागली, तर त्या बाजूला काही दिवस ब्रश अगदी हलका फिरवा.