वाचकांचे प्रश्न: साइट बोटांनी मोठी करून वाचावी लागते

प्रश्न: गुहागरजवळ आमचं छोटं होमस्टे आहे. २००९ साली ओळखीतल्या एका मुलाने वेबसाइट करून दिली होती, कॉम्प्युटरवर अजून छान दिसते. पण पाहुणे हल्ली मोबाइलवरूनच बघतात आणि म्हणतात, काकू, अक्षरं मुंगीएवढी दिसतात आणि मराठी तर काहीतरी भलतंच दिसतं. एक डेव्हलपर म्हणतो मोबाइलसाठी वेगळी साइट करा, दुसरा म्हणतो ॲप करा. काय करू?
(एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर: ताई, दोन्ही नका करू. साइट एकच ठेवा, फक्त नव्याने बांधून घ्या.

तेव्हा साइट करायची म्हणजे पत्रिका छापल्यासारखं काम असायचं, रुंदी आधी ठरवायची आणि मग त्यात सगळं बसवायचं. आधी ८०० पिक्सेलचा (पिक्सेल म्हणजे स्क्रीनवरचा ठिपका) स्क्रीन धरायचो, मग १०२४ चे मॉनिटर आले तशी ९६० ची चौकट आली, मी स्वतः टेबलात टेबल, म्हणजे तक्त्यात तक्ता घालून कितीतरी साइट अशाच केल्यात. चालून गेलं, कारण बघणारा खुर्चीत बसून मोठ्या मॉनिटरवर बघायचा.

२००७ मध्ये आयफोन आला, स्क्रीन ३२० पिक्सेल रुंद आणि जगातल्या साइट त्याच्या तिप्पट. म्हणून त्यातला सफारी ब्राउझर पान ९८० पिक्सेलचं आहे असं धरून चालायचा आणि अख्खं पान आकसून दाखवायचा. तुमच्या साइटचं आजही तेच होतंय. 'फोनची जेवढी रुंदी तेवढीच माझी धर' असं साइटने सांगायचं असतं, व्ह्यूपोर्ट नावाची एक ओळ असते त्यासाठी. पण नुसती ओळ टाकून भागत नाही हं, आतली ९६० ची चौकट तशीच राहिली तर पान उजवीकडे बाहेर जातं आणि आडवं सरकवत वाचावं लागतं.

मोबाइलची वेगळी साइट मीही करून दिलीय लोकांना, आणि व्हायचं काय, दिवाळीचे दर एकीकडे बदलले की दुसरीकडे जुनेच राहायचे. मे २०१० मध्ये ईथन मार्कॉट या अमेरिकन डिझायनरने एका लेखात 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' ही कल्पना मांडली: रुंदी टक्क्यांत द्यायची, फोटो आपल्या चौकटीत मावतील असे ठेवायचे आणि मीडिया क्वेरी, म्हणजे अमुक रुंदीला अमुक मांडणी असे नियम लावून स्क्रीन बघून मांडणी बदलायची. पान एकच. एप्रिल २०१५ पासून गूगलही मोबाइलवरच्या सर्चमध्ये मोबाइलला जमणाऱ्या पानांना झुकतं माप द्यायला लागलं. आणि आपल्याकडे २०१६ मध्ये जिओ आल्यावर तर कितीतरी घरांत इंटरनेट पहिल्यांदा आलं तेच फोनवर. ॲपचं म्हणाल तर दोन दिवसांच्या मुक्कामासाठी कोण कशाला इन्स्टॉल करेल?

आता मराठीचं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुमचा मजकूर बहुतेक युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये आहे (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत). त्यात आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचा आकार चढवतो, त्यामुळे फोनवर तो फॉन्ट नसला की खालचं सगळं उघडं पडतं. म्हणजे 'घरगुती जेवण' असं कुणी शोधलं तरी तुमची साइट सापडणार नाही, कारण तिथे ते शब्दच नाहीयेत! कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि मग स्वतः बसून एकदा वाचा, जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात.

डेव्हलपरला दोन गोष्टी बजावून सांगा. ओळींमधलं अंतर इंग्रजीइतकंच ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो, म्हणून ते अक्षराच्या दीडपटीपेक्षा थोडं जास्तच ठेवा. आणि शीर्षकात अक्षरं एकमेकांपासून लांब लांब ठेवायची नाहीत, इंग्रजीत ते शोभतं, आपल्याकडे शिरोरेषा मधेच तुटते आणि 'मुक्काम' चे तुकडे तुकडे दिसतात. 'मुक्त' किंवा 'बालू' हे 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे फॉन्ट बघा, फुकट आहेत आणि सुंदर आहेत. आणि फोन नंबर फोटोत लिहिलेला असेल तर काढा, बोट लावलं की थेट फोन लागला पाहिजे.

प्रश्न: मी वेब डिझाइन शिकतेय. फोल्ड होणारे फोन, टॅब, घड्याळं, टीव्ही, प्रत्येक साइझ वेगळी शिकायची का?
(विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर: नको गं. साइझा पाठ करणारे दरवर्षी मागे पडतात. २०१७ मध्ये मोठ्या ब्राउझरांत सीएसएस ग्रिड (पान आडव्या-उभ्या रकान्यांत मांडायची सोय) आलं आणि २०२३ मध्ये कंटेनर क्वेरी सगळीकडे चालायला लागल्या, म्हणजे आता खोलीच्या माहितीचं कार्ड आपल्याला मिळालेली जागा बघून स्वतःची मांडणी बदलू शकतं, स्क्रीन केवढा ते त्याला माहीत असायची गरज नाही. आधी अरुंद स्क्रीनचं कर, मग खिडकी हळूहळू रुंद करत जा आणि जिथे पान विचित्र दिसायला लागेल तिथेच बदल कर. फॉर्ममधली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान नको, नाहीतर आयफोन त्या रकान्यात बोट टेकवताच पान मोठं करतो आणि माणूस गोंधळतो. आणि टेस्टिंगला घरातला सगळ्यात जुना फोन घे, भर दुपारी अंगणात उभी राहून एका हाताने वापरून बघ.