डिचोलीत राहतो, घरात आजी-आजोबांसह सहा माणसं. ह्युंदाईची नवी अल्काझार घ्यावी की टाटाची सफारी?

तुमच्यासाठी अल्काझार, सहा सीटवाली.

सप्टेंबर २०२४च्या फेसलिफ्टमध्ये नवा चेहरा, नवे दिवे आलेच, पण तुमच्या कामाचा बदल आतला आहे. मधल्या रांगेतल्या दोन कॅप्टन सीटांमधला (सुट्या, वेगवेगळ्या खुर्च्यांमधला) कन्सोल काढून टाकलाय, त्यामुळे मुलं मधूनच मागच्या रांगेत जातात आणि आजी-आजोबांना उठावं लागत नाही. त्यांना मधेच बसवा. तिसरी रांग मुलांचीच. मोठ्या माणसाचे गुडघे तिथे वर येतात आणि चोर्ला घाटाच्या वळणांवर मागे बसणाऱ्याला जास्त मळमळतं.

दुसरं म्हणजे रुंदी. अल्काझार १,८०० मिमी, सफारी १,९२२. हे बारा सेंटीमीटर हायवेवर कळणारही नाहीत, पण वाड्यातल्या (वस्तीतल्या) रस्त्यावर दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे (कुंपणाच्या भिंती) आणि समोरून कदंबाची बस आली की चांगलेच कळतात!

सफारीचं २.० लिटर डिझेल १७० पीएस ताकदीचं आहे. भरल्या गाडीने वरचेवर बेळगाव-कोल्हापूर करणार असाल तर तीच घ्या, घाटात तिची ताकद जाणवते. ग्लोबल एनसीएपीच्या अपघात-चाचणीत सुरक्षेचे पाच तारेही तिला आहेत. अल्काझारचं १.५ डिझेल ११६ पीएसचं, घरच्या फिरण्याला पुरतं.

सामानाचं मात्र आधीच ठरवा. तिन्ही रांगा उभ्या असताना अल्काझारची डिकी फक्त १८० लिटरची. चवथीला (गणेश चतुर्थीला) सगळे मूळ घरी निघालात तर टपावर कॅरिअर लागेलच.

बुकिंगआधी आजींना शोरूमला न्या आणि दोन्ही गाड्यांत चढून-उतरून बघू द्या.