बाळंतपणासाठी खासगी डॉक्टरकडे नाव आहे, तरी गरोदरपणाचं सरकारी कार्ड काढावं का? आणि भंडाऱ्याला माहेरी जाताना काय न्यायचं?

तिसरा महिना लागलाय म्हणता, तर कार्ड याच आठवड्यात काढा. नोंदणी पहिल्या 12 आठवड्यांत व्हावी अशी अपेक्षा असते. खासगीत दाखवत असलात तरी 'माता व बाल संरक्षण कार्ड' मिळतं आणि ते फुकट असतं. वस्तीतल्या आशाताईंना विचारा किंवा मनपाच्या जवळच्या आरोग्य केंद्रात जा. आधार, बँक पासबुक आणि शेवटच्या पाळीची तारीख लागते. नागपुरात डागा, मेयो किंवा मेडिकल या सरकारी दवाखान्यांत दाखवत असाल तर तिथेच चौकशी करा.

कार्डावर आरसीएच क्रमांक (सरकारी नोंदीतला तुमचा ओळख क्रमांक) लिहून घेतल्याशिवाय उठू नका. माहेरी तोच क्रमांक सांगायचा. तिथे नव्याने नोंदणी झाली की एकाच बाईच्या दोन नोंदी होतात आणि गरोदर बायकांना पैसे देणाऱ्या सरकारी मातृवंदना योजनेचा हप्ता अडकू शकतो. (पात्र असाल तर पहिल्या बाळासाठी 5000 रुपये: आधी 3000, बाळाच्या लसी झाल्यावर 2000. खातं आधारशी जोडलेलं हवं.)

खरी अडचण पुढे येते. कार्ड निघतं, पण कोरंच राहतं. खासगी डॉक्टर स्वतःच्या फाइलवर लिहितात आणि फाइल बरेचदा दवाखान्यातच राहते. रात्री दोनला भंडाऱ्यात पोट दुखायला लागलं तर ती फाइल काय कामाची? म्हणून दर तपासणीला कार्ड पुढे करा आणि बीपी, वजन, हिमोग्लोबिन त्यावर लिहून मागा. डॉक्टर घाईत असतील तर सिस्टरला सांगा, संकोच करू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख हवीच, नाहीतर माहेरी पुन्हा टोचतील.

रक्तगटाचा लॅबचा मूळ रिपोर्ट जवळ ठेवा, हाताने लिहिलेल्यावर कुणी विसंबत नाही. गट निगेटिव्ह निघाला तर 28व्या आठवड्याच्या सुमारास अँटी-डी नावाचं इंजेक्शन देतात, त्याची तारीख ठळक लिहून घ्या.

पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी सगळ्यांत जपायची. पाळीवरून काढलेली तारीख आणि नंतरच्या सोनोग्राफीची तारीख जुळत नाही तेव्हा डॉक्टर याच रिपोर्टकडे बघतात. तो हरवला तर 'दिवस भरले की नाही' यावरच घोळ होतो. सोनोग्राफीचे फोटो बहुधा थर्मल कागदावर असतात. ते लॅमिनेट करायला दिले की गरम मशीनमध्ये काळे पडतात, आणि नागपूरच्या मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत ठेवले तरी तेच. कार्डही लॅमिनेट करू नका, पुढच्या नोंदी कुठे लिहिणार? प्लास्टिकचं पाकीट पुरे.

निघण्याआधी सगळ्या कागदांचे फोटो काढून नवऱ्याच्या आणि आईच्या मोबाइलवर पाठवा. मूळ कागद मात्र हातातल्या पर्समध्ये ठेवा, बॅगेत नको.

बाळंतपणानंतर कार्ड कपाटात टाकू नका. बाळाच्या लसींची पानं त्यातच आहेत, आणि बीसीजी (क्षयाची लस) व पोलिओचा जन्मानंतर लगेच देतात तो डोस दवाखान्यातून सुट्टी व्हायच्या आधीच त्यावर चढवून घ्यायचा असतो.